दोष हजर असतानाच पकडा

महोदय,

जुन्या गाडीचा पिकअप मधूनच जातो, दहा मिनिटांनी आपोआप परत येतो आणि गॅरेजमध्ये नेली की ती व्यवस्थित चालते. मग आधी प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी), त्यापुढे पंप. दोष मात्र जिथल्या तिथे. दोष हजर नसताना केलेल्या तपासणीतून हाती काही लागत नाही, म्हणून गाडीत एक वही ठेवावी. इंजिन गार होतं की तापलेलं, चढ होता का, टाकीत पेट्रोल किती होतं आणि त्या क्षणी टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा काय करत होता, एवढं टिपलं तरी निम्मं काम होतं.

गाडी गिअरमध्ये धावत असताना काटा एकदम शून्यावर पडून पुन्हा उठला, तर संशय क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणारा) किंवा इग्निशनच्या वायरिंगवर. काटा चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. इंजिनला हात लावू नका. क्रँक सेन्सर आणि कॉइल बहुधा तापल्यावरच दगा देतात. आतली तुटायला आलेली तार उष्णतेने सुटते, गार झाली की पुन्हा जुळते. त्यामुळे गार अवस्थेत मोजलेल्या रेझिस्टन्सवर (विजेला होणाऱ्या अडथळ्यावर) भरवसा ठेवू नये. हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजावा.

काटा आणि वेग दोन्ही हळूहळू उतरले, विशेषतः चढावर, तर पेट्रोलचा दाब बघायला हवा. बऱ्याच मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत तो 3 बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. उभ्या गाडीत दाब बरोबर आणि चढावर 2 बार, असं असेल तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोक झालेली असते, पंप थकलेला असतो, नाहीतर पंपाला पुरेसा करंटच मिळत नसतो. हे शेवटचं कारण सर्रास दुर्लक्षित राहतं. पंप चालू ठेवून त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर रिले (पंपाचा विजेचा स्विच), कनेक्टर आणि अर्थिंग (निगेटिव्हकडची जोडणी) तपासा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या अर्थ वायरला लावा, 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब आहे. कनेक्टरची पिन काळवंडलेली, प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसेल. तिथे नवा पंप बसवला तरी तोही अशक्तच चालणार.

पिकअप गेल्यावर गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण सैल करून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) असाच छळतो. आतली जाळी तुटली की तुकडे फिरून कधी वाट अडवतात, कधी मोकळी करतात. गार असताना रबरी हातोडीने ठोकल्यास खळखळ ऐकू येते. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळीला) जोडलेला व्हॅक्यूम गेज आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतो. 2500 आरपीएमवर रेस धरल्यावर काटा सावकाश घसरत गेला, तर धुराची वाट तुंबली आहे. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्यामुळे) न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. आधी मिसफायर दुरुस्त केला नाही, तर नवा कन्व्हर्टरही जाईल.

मेकॅनिक बंधूंना एक कळकळीची विनंती: स्कॅनर लावल्या लावल्या कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे क्रमांक) पुसू नका, बॅटरीही काढू नका. कोडसोबत साठलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि लोड, आधी कागदावर उतरवून घ्या.

– एक वाचक