नुसते ‘ली’ लावून भागत नाही

महोदय,

विशेषणाला ‘ली’ लावले की क्रियाविशेषण झाले, हा इंग्रजीचा नियम शाळेत बहुतेक मुलांच्या तोंडी असतो. ‘क्विक’चे ‘क्विकली’ होते, इथवर ठीक. पण याच नियमाच्या भरवशावर मुले नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ लिहितात आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मी जेमतेमच काम करतो’ असा लागतो. कष्टाळू मुलाने स्वतःविषयी हे लिहून द्यावे, याचे फार वाईट वाटते.

‘हार्ड’ हे विशेषण आहे, तसेच क्रियाविशेषणही. ‘केम लेट’ म्हणजे उशिरा आला. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘फास्ट’ला तर ‘ली’ लागतच नाही. उलट ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषणच.

यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत अनेक विशेषणांना शेवटी एक स्वर जोडून क्रियाविशेषण करत. पुढे तो स्वर उच्चारातून गळाला आणि दोन्ही रूपे सारखीच उरली. रॉबर्ट लोथ या इंग्रज व्याकरणकारांनी 1762च्या आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात विशेषणाचे रूप क्रियाविशेषण म्हणून वापरणे अयोग्य ठरवले. तरी ही जुनी रूपे टिकलीच. म्हणून रस्त्यावरची ‘गो स्लो’ ही पाटी चुकीची नाही. ती चूक म्हणून मुलांना दाखवणे थांबवावे.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण मराठीतून येते. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे आपण म्हणतो. कर्त्याप्रमाणे बदलणारे विशेषणच इथे क्रियेचे काम करते. त्यामुळे ‘शी सिंग्ज गुड’ ओठांवर सहज येते. प्रमाण इंग्रजीला तिथे ‘वेल’ हवे. मराठी वाक्य शेजारी लिहून हा फरक दाखवला, तर मुलाला आपण कुठे अडखळतो ते कळते. नुसता लाल शेरा मारून ते कळत नाही.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत अशा जोड्या पूर्ण वाक्यांसह छापाव्यात, ही विनंती. सुरुवात ‘ही ट्राइड हार्ड’ आणि ‘ही हार्डली ट्राइड’ यांपासून करता येईल : पहिला मनापासून झटला, दुसऱ्याने प्रयत्न जवळजवळ केलाच नाही.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा