लग्नाआधीची एक तपासणी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्या म्हटलं, तर फोनवर केवढा चिडलास! "मला काय धाड भरलीय?" अरे, धाड भरलेली कळतच नाही, हीच तर या विषाणूची खोड. लागण झाल्यावर काहींना दोन ते चार आठवड्यांत ताप येतो, घसा धरतो, आणि बरं वाटलं की माणूस विसरतो. मग कित्येक वर्षं काही जाणवत नाही. आत मात्र सीडी-४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटत असतात.

तुझं मागचं आयुष्य मला विचारायचं नाही. ते रिपोर्टवर येतही नाही.

तपासणी म्हणशील तर आमच्या लॅबमध्ये रोजचीच. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीवर, वर द्रावण. वीसेक मिनिटांत कंट्रोलची रेघ उमटली की पट्टी चालली. दुसरीही उमटली तर वेगळ्या किटवर पुन्हा तपासतात; एका पट्टीवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. मात्र कालपरवाच काही घडलं असेल तर निगेटिव्हवर विसंबायचं नाही. अशा पट्टीवर लागण दिसायला ९० दिवसही लागू शकतात, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा. आणि ७२ तास उलटले नसतील तर आधी डॉक्टर गाठायचा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टळू शकते.

आणि आलीच पॉझिटिव्ह? तुझे बाबा म्हणतात, "कळून करायचं काय?" ते अजून जुन्या काळातच आहेत. १९८५ मध्ये चाचणी आली तेव्हा औषध नव्हतं, त्यांचं म्हणणं तेव्हा खरंच होतं. १९९६ च्या सुमारास एकत्र औषधांचे उपचार आले आणि चित्र पालटलं. २०१५ पासून तर जागतिक आरोग्य संघटना सांगते, सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करा. लवकर सुरू करून गोळ्या रोज घेतल्या तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पण गोळ्या सुरू व्हायला आधी माहीत तर हवं!

तिला एकटीला पाठवू नकोस, बरोबर जा. रिपोर्ट तुम्ही एकमेकांना दाखवा, मला पाठवायची गरज नाही.

तुझी,
आई