प्रेमकथेचा कस लग्नानंतर लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांच्या सदरात नुकतेच कोरियन आणि चिनी प्रेममालिकांविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले. या मालिका म्हणजे गोऱ्यागोमट्या चेहऱ्यांचे स्वप्नरंजन असून त्यांच्या नादाने खान्देशातल्या लेकीबाळींच्या संसाराविषयीच्या अपेक्षा नको तितक्या वाढत चालल्या आहेत, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांच्या काळजीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांनी सगळ्या मालिकांना एकाच तागडीत घातले आहे आणि त्यात काही अस्सल लेखनही भरडले गेले आहे, म्हणून हे लिहीत आहे. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली असून काही वर्षांपासून या मालिका नियमाने पाहते. साठी ओलांडलेली बाई कोरियन मालिका पाहते याचे गल्लीत सुरुवातीला मोठे नवल झाले होते; ते आता ओसरले आहे, कारण नवल करणाऱ्यांपैकी दोघी-तिघी हल्ली कथा कुठवर आली हे विचारायला माझ्याकडेच येतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, दोन देखण्या माणसांचे प्रेम जुळवणे हे लेखकाचे सोपे काम आहे. श्रीमंत कंपनीचा तिरसट वारस, त्याच्याच कार्यालयातली गरीब पण बाणेदार मुलगी, ओळखीतला काहीतरी घोळ, ऐन वेळी आलेला पाऊस आणि एकच छत्री, एवढ्या सामग्रीवर बारा भाग आरामात निघतात. २०२२ मधील ‘बिझनेस प्रपोजल’ नेमकी तशीच होती. मी ती हसत हसत पाहिली आणि विसरलेही. खरी परीक्षा पुढे असते. घरात पीठ संपले आहे, सासू बोलते आहे, पोर आजारी आहे आणि हातातले काम सुटले आहे, अशा वेळी ती दोघे एकमेकांशी कशी वागतात हे दाखवायला लेखकाजवळ संसाराची जाण लागते, आणि अलीकडच्या मालिकांमधले चांगले-वाईट मी तरी याच कसोटीवर निवडते.

या कसोटीला पूर्णपणे उतरलेली मालिका म्हणजे मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’. तिचे सोळा भाग दर आठवड्याला चार याप्रमाणे चार आठवड्यांत प्रदर्शित झाले आणि एका आयुष्याचे चार ऋतू अशी त्यांची मांडणी आहे. कथा कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटावरची आहे. नायिका एसुन ही समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बाईची मुलगी. जेजूच्या या पाणबुड्या स्त्रिया प्राणवायूची नळकांडी न घेता, केवळ छातीतल्या दमावर खाली जातात आणि त्यांच्या या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले आहे. एसुनला कवयित्री व्हायचे आहे. मासळी विकणाऱ्या घरातला ग्वानसिक लहानपणापासून तिच्यासाठी गुपचूप मासे आणून ठेवतो आणि पुढे बाजारात तिची कोबी विकायला स्वतः उभा राहतो, ती मात्र शेजारी पुस्तक वाचत बसते. सगळे प्रेमप्रकरण खरे तर एवढेच आहे. पहिले काही भाग सरतात न सरतात तोच दोघांचे लग्न होते, आणि जिथे इतर मालिका टाळ्या घेऊन संपल्या असत्या तिथून ही मालिका सुरू होते.

या मालिकेतील एक जेवणाचा प्रसंग पत्रलेखकांनी अवश्य पाहावा. घरातली पुरुष मंडळी एका चौरंगाशी जेवायला बसली आहेत, तर सून आणि तिची मुलगी मागे बायकांच्या पंगतीला, उरलेसुरले वाढून घेऊन. ग्वानसिक काही बोलत नाही, भांडत नाही. तो बसल्या जागी वळतो, वडीलधाऱ्यांकडे पाठ करतो आणि बायको-मुलीबरोबर जेवू लागतो. त्या घरात तेवढ्याने केवढा गहजब होतो हे, पुरुषांची पंगत उठेपर्यंत चुलीपुढे बसून राहणारी घरे ज्यांनी आपल्याकडे पाहिली आहेत, त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. फुलांचा गुच्छ नाही, गुडघे टेकणे नाही; एक माणूस कूस बदलून बसतो आणि सोळा भागांतले सर्वांत मोठे प्रेमाचे दृश्य घडून जाते. लिम सांग-चुन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ही किमया आहे. दिग्दर्शक किम वॉन-सोक यांनीही कॅमेरा तिथे मुद्दाम रेंगाळवलेला नाही.

पुढे अडचणी येतात त्याही जगण्यातल्याच. काम जाते, उपासमारीची पाळी येते, तेव्हा घरमालक असलेले म्हातारे जोडपे त्यांच्या तांदळाच्या भांड्यात रात्री गुपचूप तांदूळ टाकत राहते. नातीच्या संसारासाठी आजी साठवलेला पैसा काढून देते आणि त्यातून होडी येते. धाकटा मुलगा वादळात जातो, आणि त्या दुःखानंतरही दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन मुलांना जेवू घालावेच लागते. मुलीच्या परदेशातील शिक्षणासाठी घर विकले जाते. केळीच्या बागेसाठी काढलेले कर्ज फेडता फेडता मुलांची शिक्षणे उरकणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला यातले काय परके वाटेल? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात, त्यांतही न्यायला येणारा भाऊ असतो, सासरचे कष्ट असतात, आईची आठवण असते. रूपाचे वर्णन करणारा प्रियकर क्वचितच सापडतो. माझ्या पिढीच्या बायकांना ही मालिका इतकी जवळची का वाटली, याचे कारण मला तिथे दिसते.

दोष नाहीत असे नाही. ग्वानसिकच्या अंगी एकही खोट ठेवलेली नाही, हे मला खटकले. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात ज्याचा एकदाही तोल जात नाही असा नवरा निदान माझ्या पाहण्यात नाही. निवेदनही जरा जास्त आहे. जे डोळ्यांना दिसते तेच मागून आवाज सांगत राहतो आणि रडू येण्याआधीच रुमाल पुढे केला जातो.

दुसरे उदाहरण २०२४ मधील ‘क्वीन ऑफ टिअर्स’चे. लेखिका पार्क जी-उन यांची ही मालिका कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर गाजली आणि शेवटच्या भागाला तिने त्या वाहिनीचा प्रेक्षकसंख्येचा विक्रम मोडला. आधीचा विक्रमही याच लेखिकेच्या ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’च्या नावावर होता. सुरुवात किती धीट आहे पाहा. लग्नाला तीन वर्षे झाली आहेत, मूल पोटातच गमावल्यावर दोघांमधला संवाद आटला आहे, खोल्या वेगळ्या झाल्या आहेत, आणि नवरा घटस्फोट मागायला जातो त्याच क्षणी बायको आपल्याला तीनच महिने उरल्याचे सांगते. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी सुटकेची छटा उमटते, तिच्याइतके प्रामाणिक लेखन प्रेममालिकांत क्वचित आढळते. पहिल्याच भागात या अतिश्रीमंत घराण्याचे उच्चशिक्षित जावई सासरच्या पितरांच्या विधीसाठी ओळीने बसून तळण तळत असतात तोही प्रसंग असाच. आखाजीला घागर पुजायच्या दिवशी आपल्याकडचे जावई पुरण वाटायला आणि खापरावर मांडे टाकायला बसले आहेत अशी कल्पना करून पाहावी, म्हणजे त्या विनोदाची धार कळेल.

पण पुढे काय होते? दोन माणसांमधला दुरावा कसा मिटतो ही खरी गोष्ट हाती असताना लेखिका ती सोडून देते. कंपनी बळकावणारा खलनायक येतो, कट-कारस्थाने होतात, आणि शेवटी शस्त्रक्रियेत नायिकेची स्मृती जाते व शुद्धीवर येताच तो खलनायकच तिच्या उशाशी बसलेला असतो. ज्या नवऱ्याशी इतक्या कष्टाने तिचे पुन्हा जुळले, त्याची ओळखच पुसली गेल्यावर आधीच्या चौदा-पंधरा भागांचे मोल काय राहिले? शेवट गोड केला म्हणून ते भरून निघत नाही.

स्मृती जाणे ही युक्तीच वाईट आहे असे मात्र मी म्हणत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘फर्स्ट लव्ह’ या नऊ भागांच्या जपानी मालिकेतही नायिका अपघातात आपले तरुणपणीचे प्रेम विसरते. तिथे मात्र ते विस्मरण कथेच्या तळाशी आहे, शेवटी अंगावर फेकलेले नाही. हवाई सुंदरी होऊ पाहणारी मुलगी होक्काइदोच्या बर्फात टॅक्सी चालवते, तिचा घटस्फोट झाला आहे, मुलगा बापाकडे राहतो. आणि तिचा तो विसरलेला प्रियकर हवाई दल सोडून एका इमारतीत सुरक्षारक्षकाचे काम करतो. काय हरवले हे आपल्याला तिच्या कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकातून, तिच्या एकटीच्या जेवणातून कळत जाते. युक्ती तीच, पण एकीने ती भाग भरण्यासाठी वापरली आणि दुसरीने माणूस दाखवण्यासाठी.

तरुण मंडळींची लाडकी ‘लव्हली रनर’ (२०२४) या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल. आवडत्या गायकाचा मृत्यू टाळण्यासाठी त्याची चाहती २००८ सालात मागे जाते, आणि आपण त्याच्यावर जीव टाकण्याच्या कितीतरी आधी त्याचाच आपल्यावर जीव जडला होता हे तिला ठाऊक नसते. कल्पना फार सुरेख आहे आणि पहिले काही भाग मी एका बैठकीत संपवले. मात्र तोच गुन्हेगार पुन्हा पुन्हा येतो, काळ पुन्हा पुन्हा पुसला जातो, आणि उत्तरार्धात कोणाला काय आठवते याचा हिशेब ठेवण्यातच प्रेक्षक दमतो.

चिनी मालिकांची अडचण निराळी, लांबीची. २०२० मध्ये तेथील प्रसारण नियामकाने मालिका चाळीस भागांच्या आत आणि शक्यतो तीसच्या आत संपवावी असा दंडक घातला होता, यावरून त्या किती ताणल्या जात असतील याची कल्पना यावी. गंमत अशी की, मला सर्वांत आवडलेली चिनी मालिका त्याआधीची आणि त्र्याहत्तर भागांची आहे. ‘द स्टोरी ऑफ मिंगलान’मध्ये नायिकेचे लग्न निम्म्याच्या आसपास होते आणि नंतर घरचे हिशेब, नोकरचाकर, सावत्र सासू, जमिनीचे उत्पन्न या सगळ्यांतून नवरा-बायकोचा विश्वास बोटाबोटाने वाढताना दिसतो. लांबी कथेच्या पोटातून आली की खुपत नाही. ‘हिडन लव्ह’ (२०२३) ही भावाच्या मित्रावर जीव जडलेल्या मुलीची कथा वरवर अगदी गोडगोड आहे. पण नायकाच्या डोक्यावर वडिलांच्या अपराधाची भरपाई फेडण्याचे ओझे आहे आणि त्या पैशांच्या ताणामुळेच ती कथा जमिनीवर राहते.

आपल्या दररोजच्या मराठी मालिकांशी तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही. कोरियन लेखिकेला सोळाव्या भागात कुठे पोहोचायचे हे ठरवून लिहिता येते. आपल्याकडे मालिका कधी संपणार हे दर आठवड्याच्या आकड्यांवर ठरते, त्यामुळे लेखकाला शेवटच नसतो. मग नायिकेचे अपहरण, सारख्या चेहऱ्याची दुसरी बाई, मेलेला माणूस परत येणे यांवाचून त्याला गत्यंतर उरत नाही. आपल्या लेखकांत कुवत नाही असे मी मुळीच मानत नाही. त्यांना कोणीतरी सोळा भाग देऊन पाहावेत.

आता अपेक्षांविषयी. सून नवऱ्याची या नायकांशी तुलना करील ही भीती पत्रलेखकांनी बोलून दाखवली आहे. तुलना कशाशी होते ते पाहावे. पंगतीत वळून बसणाऱ्या ग्वानसिकशी होत असेल तर खुशाल व्हावी. याच मालिकेत एसुनची मुलगी होणाऱ्या सासूच्या तुसडेपणामुळे ठरलेले लग्न मोडते आणि पुढे चित्रपटगृहाचे फलक रंगवणाऱ्या तरुणाशी संसार थाटते. लग्न मोडलेल्या मुलीकडे तिचे आई-वडील ज्या रीतीने पाहतात, ते आपल्याकडच्या आई-वडिलांनी पाहण्यासारखे आहे. माझी काळजी वेगळी आहे. या मालिकांत बहुतेकांची कातडी काचेसारखी नितळ असते, पोटासाठी राबणारी मुलगीसुद्धा दर दृश्यात नवा कोट घालते, आणि ऐन भांडणात कोणीतरी ठरावीक कंपनीची कॉफी किंवा सँडविच नाव दिसेल अशा बेताने टेबलावर ठेवते. त्या जाहिरातीपायी गोरेपणाच्या मलमांचा खप वाढत असेल, तर त्याविरुद्ध जरूर लिहावे. मी त्या पत्राखाली सही करीन.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी चित्रपटांची परीक्षणे येतात, तशी महिन्यातून एकदा एखाद्या आशियाई मालिकेचीही यावी, आणि तीत नट-नट्यांच्या आधी लेखकाचे नाव, एकूण भाग व कोणत्या भाषेत पाहता येईल ही माहिती द्यावी. हिंदीत ध्वनिमुद्रित केलेल्या कोरियन मालिका आता पुष्कळ मिळतात, पण जेजूची माणसे मूळ मालिकेत त्यांच्या बेटाच्या बोलीत बोलतात आणि हिंदीत ती सगळी एकाच साच्यातली, शहरी वाटतात. मराठी अक्षरांतली उपशीर्षके मिळाली तर हिंदी न सरावलेल्या आमच्यासारख्या पुष्कळ जणींची सोय होईल, आणि त्या बुड्या मारणाऱ्या बायकांना कोणी अहिराणीत बोलते केले तर आणखीच चांगले. या कामासाठी संबंधित कंपन्यांकडे वाचकांच्या सह्यांचे निवेदन पाठवायचे आपण मनावर घेतल्यास चोपड्यातून सह्या गोळा करून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
चोपडा, जि. जळगाव