कादिझच्या संग्रहालयासमोरून परतावे लागल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दक्षिण स्पेन सहलीतील कादिझचा दिवस पत्रकाप्रमाणे न झाल्याबद्दल

महोदय,

मी आणि माझे यजमान आपल्या दक्षिण स्पेनच्या सहलीला आलो होतो. सातव्या दिवसासमोर पत्रकात छापले होते: 'पूर्ण दिवस कादिझ. संग्रहालय, तोर्रे ताविरा, कॅथेड्रल.' प्रत्यक्षात सेव्हिलहून निघालेली बस वाटेत चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाशी दोन तास थांबली, पुढे जेवण, आणि कादिझला मिळाला जेमतेम दीड तास.

त्यात तो सोमवार. सोमवारी ते संग्रहालय बंद असते, हे आपल्या टूर मॅनेजरना प्लाझा दे मिनामधल्या बंद दारापुढे उभे राहिल्यावर कळले.

मी शाळेत 31 वर्षे इतिहास शिकवला. ही सहल निवडली ती तिथल्या फिनिशियनांच्या, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या, दोन संगमरवरी शवपेट्यांसाठी. पुरुषाची पेटी 1887 मध्ये सापडली. जोडीची स्त्रीची पेटी इथेच कुठेतरी असणार, म्हणून संग्रहालयाचे संचालक पेलायो किंतेरो आयुष्यभर शोधत राहिले. ती निघाली 1980 मध्ये, त्यांच्याच जुन्या घराच्या जागेखाली! तेव्हा ते हयात नव्हते. ही हकिकत मी कितीतरी वर्गांना सांगितली आहे. त्या दोन पेट्या एकदा डोळ्यांनी पाहायच्या होत्या. या वयात पुन्हा स्पेनला जाणे आम्हाला जमणार नाही.

तोर्रे ताविरा हा बंदराचा जुना टेहळणी मनोरा. तिथल्या अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युरातून सगळे शहर पांढऱ्या पडद्यावर जिवंत दिसते. तिथे ठरावीक वेळेच्या पाळ्या असतात. आपण वेळ राखून ठेवली नव्हती, आणि पुढची पाळी बस सुटल्यानंतरची होती. कॅथेड्रलचा सोनेरी घुमट बाहेरूनच पाहिला. ला कालेताच्या किनाऱ्यावर दहा मिनिटे मिळाली, तेवढेच समाधान.

चालक आणि हॉटेले उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. टूर मॅनेजरनाही मी दोष देत नाही. वार पाहून कार्यक्रम आखणे हे कार्यालयाचे काम होते.

माझी मागणी अशी: कादिझच्या दिवसाचा दोघांचा खर्च परत करावा, आणि पुढच्या तुकड्यांचा कादिझचा दिवस सोमवारी ठेवू नये. दुकानातला थांबा पत्रकात कुठेही नव्हता; तो का घेतला, याचा लेखी खुलासा 15 दिवसांत मिळावा. पत्रक व पावतीची प्रत जोडली आहे. उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे