दाढ, भीती आणि तो गॅस

पुणे

प्रिय वैशू,

काल फोनवर तू काय बोलत होतीस ते मला निम्मं कळलंच नाही, इतका गाल सुजलाय तुझा, आणि तरी म्हणतेस आता बरंय, लवंगेचं तेल लावलं की उतरतं. उतरत नाही गं ते. ठणका थांबतो, आतली कीड थांबत नाही. किती दिवस झाले तू एकाच बाजूने जेवतेस, गार पाणी लागलं की डोळ्यातून पाणी काढतेस, पर्समध्ये पेनकिलरची स्ट्रिप कायम, आणि मी डेंटिस्टचं नाव काढलं की लगेच मुलांच्या परीक्षेचा विषय. फोनवर सांगायला लागले असते तर तू "कुकर झाला" म्हणून ठेवून दिला असतास म्हणून हे लिहितेय, सावकाश वाच, दोनदा वाच हवं तर.

मी तुला रागावत नाहीये हे आधी सांगते. तू आळशी नाहीस, बेफिकीरही नाहीस, तू घाबरलीयेस, आणि मला ते माहितीये कारण मी पण तशीच होते. आपल्या लहानपणी दात काढणं म्हणजे काय असायचं आठवतं ना? एकाने हात धरायचे, एकाने पाय, आणि डॉक्टर म्हणणार रडायचं नाही, मोठी झालीस ना. माझी दाढ काढली तेव्हा हिरडी नीट बधिर व्हायच्या आधीच चिमटा लावला होता, मी ओरडले तर बाबांना बाहेर जायला सांगितलं. ते डॉक्टर वाईट होते असं नाही म्हणत मी, बाहेर बाकावर पेशंटची रांग होती, वेळ नव्हता. पण शरीर विसरत नाही. डोक्याला कळतं की आता सगळं बदललंय, सुया बारीक आल्यात, आधी जेल लावून मग सुई देतात, तरी खुर्ची मागे झुकली की तळहाताला घाम सुटतो आणि घसा आवळतो. मग लोक म्हणतात दोन बाळंतपणं काढलीस आणि दाढेला काय घाबरतेस. या वाक्याचा मला फार राग येतो. धीर असण्या-नसण्याचा संबंधच नाहीये यात, भीती ही पण एक तक्रारच आहे आणि तिच्यावर उपाय आहे, तो मागून घ्यायला लाज कसली.

तर उपाय म्हणजे नायट्रस ऑक्साइड, सगळे लाफिंग गॅस म्हणतात तो. माझं रूट कॅनल त्यावरच झालं. तुला मी नुसतं "झालं एकदाचं" एवढंच सांगितलं होतं, आज सगळं सांगते.

डॉक्टरबाईंनी माझी नाडी बघितली, हात गार पडलेले बघितले आणि स्वतःच विचारलं की गॅस देऊ का. मला वाटलं पूर्ण भूल देणार, मी लगेच नको म्हणाले. त्या म्हणाल्या, भूल नाही, तुम्ही जाग्या राहणार, मी बोलेन ते ऐकू येणार, तोंड उघडा म्हटलं की उघडणार. मग त्यांनी मशीन दाखवलं, दोन उभ्या नळ्या, आत छोटे गोळे, गॅस सोडला की गोळा वर चढतो, एका नळीत ऑक्सिजन, दुसरीत नायट्रस. खाली एक रबरी पिशवी लटकते, ती आपल्या श्वासाबरोबर फुगते आणि बसते. मला ती पिशवी बघूनच जरा बरं वाटलं, कारण आपला श्वास चालू आहे हे डोळ्यांनी दिसतं. नाकावर मऊ मास्क, फक्त नाकावर, तोंड मोकळं, आणि बोटाला ऑक्सिजन मोजायची ती क्लिप. लहान मुलांसाठी मास्कला स्ट्रॉबेरीचा वगैरे वास असतो, माझ्याला नव्हता, थोडा रबराचा होता.

पहिली काही मिनिटं नुसता ऑक्सिजन. मग नायट्रस थोडा थोडा वाढवत नेतात, साधारण दहा दहा टक्क्यांनी, आणि मधे थांबून विचारतात कसं वाटतंय. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांच्या मधे पुरतं, माझं चाळीसच्या आसपास थांबवलं. आधी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांभोवती, मग अंग गरम आणि जड झालं, खांदे खाली आले, तेव्हा मला कळलं की इतका वेळ मी खांदे कानापर्यंत ओढून बसले होते. हसू बिसू काही आलं नाही. नुसतं वाटलं की चाललंय ना, चालू दे. सुई दिली तेव्हा कळलं की देतायत, ड्रिलचा आवाज पण येत होता, पण पलीकडच्या घरात कुणी मिक्सर लावावा तसा, आहे तर आहे, माझ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. खरं सांगू का वैशू, मला त्या खुर्चीत रडू आलं, दुखत होतं म्हणून नाही, दुखत नव्हतं म्हणून. आणि वेळ तर कुठे गेला कळलंच नाही, मला पंधरा मिनिटं वाटली, बाहेर आले तर दादा म्हणाला तासाच्या वर झाला.

एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण इथे लोकांचा गोंधळ होतो. गॅस भीती उतरवतो, दुखणं पण थोडं कमी करतो, पण रूट कॅनलला तेवढं पुरत नाही, हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. फरक एवढाच की ते इंजेक्शन घेताना आपण खुर्चीच्या हाताला चिकटून बसत नाही. कुणी सांगितलं की गॅस दिला की सुई नाही, तर विश्वास ठेवू नको. आणि तू म्हणशील मी बरळले तर, घरातलं काही बोलून बसले तर. अगं तोंडात कापूस आणि नळी असताना कोण बोलतंय, आणि शुद्ध असतेच, जे सांगायचं नाही ते आपण सांगत नाही. डॉक्टरबाईच उलट जास्त बोलू नका म्हणतात, कारण बोललं की तोंडाने श्वास जातो आणि गॅस वाया जातो.

धोक्याचं पण सांगते, नाहीतर नंतर म्हणशील लपवलंस. ही मशिन्स बनवतातच अशी की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही, साध्या हवेत तो २१ टक्केच असतो बघ, आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद होतो. शेवटी पाचेक मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन देतात, कारण नायट्रस रक्तातून भराभर फुप्फुसात येतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो. ही पाच मिनिटं घाईने उरकू द्यायची नाहीत. हा गॅस शरीरात फारसा मोडत नाही, जसा गेला तसाच श्वासातून बाहेर येतो, म्हणून तर अर्ध्या तासात मी चहा पीत होते. काहींना मळमळतं, म्हणून आधी पोट तुडुंब भरून जायचं नाही, हलकं काहीतरी खायचं. इंग्लंडमध्ये तर बाळंतिणींना कळा सोसायला हाच गॅस अर्धा आणि ऑक्सिजन अर्धा असा मिसळून सर्रास देतात.

मला हे सगळं झाल्यावर उत्सुकता लागली की हे सुचलं कुणाला, आणि वाचलं तर जीव हळहळला. हम्फ्री डेव्ही म्हणून एक तरुण केमिस्ट होता, त्याने १७९९ मध्ये ब्रिस्टलला हा गॅस स्वतःवर घेऊन बघितला, हिरडीचं दुखणं त्याने कमी होतं हे पण त्याला जाणवलं, आणि १८०० च्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की ऑपरेशनमध्ये याचा उपयोग होऊ शकेल. लिहून ठेवलेलं वाचलं कुणी? चाळीसेक वर्षं लोक तिकीट काढून हा गॅस हुंगायचे आणि स्टेजवर नाचायचे, आणि तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर माणसं शुद्धीत कापली जात होती. मग १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्डला असाच एक खेळ होता, गार्डनर कोल्टनचा. प्रेक्षकात होरेस वेल्स नावाचा डेंटिस्ट होता. गॅस घेतलेला एक माणूस धडपडला, पाय फोडून घेतला, रक्त येतंय आणि त्याला पत्ताच नाही. सगळे हसले असतील, वेल्सने मात्र पाय बघितला. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावून स्वतः गॅस घेतला आणि रिग्ज नावाच्या डेंटिस्टकडून स्वतःची दाढ काढून घेतली. पेशंटवर नाही, आधी स्वतःवर! मला या माणसाबद्दल फार माया वाटते. पेशंटचं ओरडणं ज्याला ऐकवत नाही असा डेंटिस्ट तेव्हा होता, १८४४ मध्ये.

पुढचं वाईट आहे. जानेवारी १८४५ ला बॉस्टनमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने करून दाखवलं, गॅसची पिशवी जरा लवकर काढली गेली, पेशंट कण्हला, आणि सगळ्यांनी थोतांड म्हणून त्याची हुर्यो उडवली. त्या पेशंटने नंतर सांगितलं म्हणे की फारसं दुखलं नव्हतं, पण तोवर झालं होतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच गावात त्याचाच जुना पार्टनर मॉर्टन ईथर नावाचं बेशुद्ध करणारं दुसरं औषध वापरून नाव मिळवून गेला. वेल्स खचत गेला, क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याच्या आहारी गेला, आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला, वय ३३. अमेरिकन डेंटल असोसिएशनने त्याचं श्रेय मानलं ते १८६४ ला. हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये आता पुतळा आहे त्याचा. आपण इतक्या सहज खुर्चीत बसतो त्यामागे हा माणूस आहे, आणि त्याचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही.

बरं, आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुझं बी१२ व्हिटॅमिन. मागच्या दिवाळीच्या आधी तुझ्या पायांना मुंग्या यायच्या, रिपोर्टमध्ये बी१२ एकदम खाली आलं होतं, इंजेक्शन्स सुरू केली होतीस आणि मग सासूबाईंच्या आजारपणात राहून गेली. आपल्याकडे शाकाहारी घरांत हे फार दिसतं. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी१२ निकामी करतो, ज्याचं नीट आहे त्याला तास-दीड तासाने काही होत नाही, पण ज्याचं आधीच तळाला आहे त्याच्या नसांना त्रास होऊ शकतो, मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, म्हणजे तुला जे आधीच होतं तेच जास्त. पार्ट्यांमध्ये नशेसाठी हा गॅस ओढणाऱ्या पोरांच्या मज्जारज्जूला इजा होते ती पण याच कारणाने. तेव्हा आधी तपासणी, कमी असेल तर आधी ते भरून काढायचं, आणि डेंटिस्टला तोंडाने सांगायचं, फॉर्मवर लिहिलंय म्हणून गप्प बसायचं नाही. ते म्हणाले की तुम्हाला गॅस नको तर नको, तोंडावाटे घ्यायची, चिंता कमी करणारी गोळी असते, तिच्यावर सोबत कुणीतरी लागतं, मी येईन.

आणि सासूबाईंचा पण दात काढायचाय म्हणालीस, तर त्यांचं डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय हे विसरू नको. त्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात, तो असताना नायट्रस घेतला तर बुडबुडा फुगतो आणि नजर कायमची जाऊ शकते. त्यांना गॅस नाहीच, डोळ्याच्या डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय तर मुळीच नाही. पोटुशी बाई असेल पहिल्या तीन महिन्यांत, कुणाला फुप्फुसाचा मोठा आजार असेल, कान गच्च झाले असतील, तर आधी विचारायचं.

साताऱ्यात कुठे मिळेल ते असं बघ, प्रत्येक क्लिनिकमध्ये हे मशीन नसतं, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे असायची शक्यता जास्त, तिथे विचारलंस की मोठ्यांसाठी कोण देतं ते कळेल. फोनवरच विचार: मशीन आहे का, देणाऱ्याचं ट्रेनिंग झालंय का, बोटाची क्लिप लावतात का, खर्च वेगळा किती. आणि स्पष्ट सांग की मला खूप भीती वाटते. डॉक्टरने यावर तोंड वाकडं केलं तर तिथे जायचंच नाही, दुसरं बघायचं. नाहीच मिळालं तर पुण्याला ये, माझ्या डॉक्टरबाई शनिवारी पण असतात, शुक्रवारी रात्री मुक्कामाला ये, मऊ खिचडी करते.

पण सूज आहे ती थांबणार नाही, गॅसची वाट बघत बसू नको. उद्याच्या उद्या कुणालाही दाखव, नुसतं तोंड उघडून दाखवायचं, औषध सुरू करायचं, काही कापाकापी नाही. ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी.

बी१२ साठी रक्त पण उद्याच दे. रिपोर्ट आला की व्हॉट्सअॅप कर, मग अपॉइंटमेंट मी घेते.

तुझी,
मेधा

ता.क. सर्दी झाली तर आधी कळव, नाक चोंदलं असेल तर गॅस आत जातच नाही, तारीख पुढे ढकलू.