कंसातला आकडा तेवढा गाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या क्रीडा पानावर टेनिसच्या पुरुष एकेरीचा एक निकाल होता. तीन ओळी आणि ‘७-६, ६-७, ७-६’ एवढा स्कोअर. कंस नाही, कंसातला आकडा नाही. शेजारच्याच बातमीत कितव्या षटकात कुणी कुणाचा झेल सोडला, त्याला अर्धा कॉलम. क्रिकेटवर माझा राग नाही, मीही बघतो. माझी मागणी एवढीच, की टायब्रेकचा कंस तुम्ही गाळता तो परत आणा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेटमध्ये ६-६ झालं की सहसा टायब्रेक लागतो. सात गुण आधी करील तो जिंकला, पण दोनाचा फरक हवा. स्कोअर लिहिताना कंसात हरणाऱ्याचे गुण मांडतात. ७-६ (२) म्हणजे टायब्रेक ७-२ असा सहज सुटला. ७-६ (९) म्हणजे ११-९, बघणाऱ्याचीही छाती धडधडलेली. तुम्ही दोन्हीला ‘७-६’च छापता. पाऊस झाला एवढं सांगायचं आणि शिंतोडे पडले की पूर्णेला पूर आला ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं, तशातली गत.

५ जानेवारी २०१९ रोजी मी पुण्याला बालेवाडीत होतो. महाराष्ट्र ओपनची पुरुष एकेरीची फायनल. आदल्या रात्री परभणीहून नांदेड-पनवेल गाडीत बसलो, सोबत बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भाचा हिंजवडीत नोकरीला, तिकिटं त्यानंच काढलेली. एकीकडे दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, सहा फूट आठ इंच. दुसरीकडे क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, सहा फूट अकरा इंच आणि वय ३९. त्या वयात आमच्या ऑफिसात लोक गुडघ्याला तेल चोळत बसायचे. कार्लोविच सर्व्हिस करायचा तेव्हा चेंडू दिसायच्या आधी मागच्या पडद्यावर आदळल्याचा आवाज यायचा. माझ्या पुढच्या रांगेतला लहान पोरगा दर वेळी मान वळवायचा आणि दर वेळी त्याला उशीर व्हायचा. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. पहिला अँडरसनला ७-४, दुसरा कार्लोविचला ७-२, तिसरा अँडरसनला ७-५. म्हणजे अडीच तासांच्या वर चाललेली लढाई शेवटी दोन गुणांनी सुटली.

परत आल्यावर एका दैनिकात (ते तुमचं नव्हे, म्हणून मोकळेपणानं लिहितो) बातमी वाचली, ‘अँडरसनचा सहज विजय’. स्कोअरमध्ये कंस नाहीतच. मी तेव्हाच हात जोडले. ज्यानं ते लिहिलं त्याच्यापुढे नुसते सात आणि सहा होते, त्याचा तरी काय दोष?

हे वेड मला बापूंकडून आलं. आमचे बापू इथल्या एका क्लबात कोर्टाची राखण करायचे. मुरमाचं कोर्ट. पहाटे उठून पाणी शिंपायचं, ओल नेमकी मुरली की रोलर फिरवायचा, मग सुतळी ताणून चुन्याच्या रेघा मारायच्या. ओल जास्त राहिली तर रोलरला मुरूम चिकटून वर यायचा, कमी पडली तर दुपारपर्यंत धूळ. शाळेत जायच्या आधी सुतळीचं एक टोक धरून बसणं हे माझं काम. साहेब लोक संध्याकाळी खेळायला यायचे. बापूंना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र पक्के. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ते कोळशानं स्कोअर मांडायचे. टायब्रेक आमच्या क्लबात आला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. एकदा एका डॉक्टरांचा आणि एका डेप्युटी कलेक्टरांचा सेट टायब्रेकमध्ये बारा-दहावर सुटला, तो मी भिंतीवर ‘७-६’ असा लिहिला. बापू म्हणाले, “सात-सहा तर कुणीबी सांगंल. मधात काय झालं ते लिव्ह की.” मग त्याच्याशेजारी मी १२-१० लिहिलं. पुढं कुण्या मोठ्या साहेबांच्या दौऱ्याआधी त्या भिंतीला चुना लागला.

१४ जुलै २०१९ आठवतो? लॉर्ड्सवर विश्वचषकाची फायनल सुपर ओव्हरमध्येही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकार मोजून इंग्लंडला दिली. तो नियम दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या पेपरांनी चौकटी टाकून समजावला. त्याच दिवशी, त्याच लंडनमध्ये विम्बल्डनची पुरुष एकेरीची फायनल होती. ७-६ (५), १-६, ७-६ (४), ४-६, १३-१२ (३). जोकोविच जिंकला. एकूण गुण मात्र फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. जास्त गेमही फेडररचेच. तो हरला तो फक्त तीन टायब्रेकमध्ये. म्हणजे अख्खा सामना त्या तीन कंसांत होता, आणि माझ्या कात्रणात नेमके तेच नाहीत.

शेवटच्या सेटला १२-१२वर टायब्रेक लावायचा नियम विम्बल्डननं त्याच वर्षी आणला. आदल्या वर्षीच्या सेमीफायनलमध्ये शेवटचा सेट २६-२४ असा लांबला होता आणि तो जिंकणारा हाच आमचा बालेवाडीचा अँडरसन!

कंस कधी कधी चुकून येतोही, पण भलत्याच जागी. नावाशेजारचा कंस मानांकनाचा असतो, स्कोअरशेजारचा टायब्रेकचा. या दोघांची तुमच्या पानावर अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. पाचवा मानांकित खेळाडू त्या दिवशी आठवा झाला.

नात म्हणते, आबा, मोबाइलवर सगळं मिळतं, पेपरशी कशाला भांडता? मिळतं, खरं आहे. पण मोबाइल मला शोधलं तेच दाखवतो. व्हॅलेंटिन वाशेरो हे नाव मी कशाला शोधलं असतं? मोनॅकोचा हा खेळाडू २०२४ साली बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा जिंकला. महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर आपल्याकडून गेली आणि तिचा आठवडा हाँगकाँगला मिळाला, त्यानंतरची ही एक पायरी खालची स्पर्धा. पुढं ऑक्टोबर २०२५मध्ये जगात २०४व्या क्रमांकावर असताना, पात्रता फेरीतून येऊन तो शांघाय मास्टर्स जिंकला. फायनलला समोर त्याचाच मावसभाऊ रिंडरक्नेश. ते वाचून मी बालेवाडीचं २०२४चं कात्रण काढून बसलो. ते पेपरात एका कोपऱ्यात छापलं होतं म्हणूनच माझ्याकडे होतं.

जागा नाही असं म्हणाल. एका कंसाला तीन अक्षरांची जागा लागते. ‘थरारक’ हा शब्द काढलात तरी भागेल.

सोबत २०१९च्या बालेवाडीच्या फायनलचं कात्रण जोडलं आहे. त्यात गाळलेले (४), (२), (५) मी लाल शाईनं घातले आहेत. पाहून झालं की परत पाठवा, माझ्याकडे तेवढी एकच प्रत आहे. पत्ता घातलेलं पाकीट आत ठेवलं आहे, तिकीटही लावलं आहे.

आपला,
जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला एक जुना वाचक, परभणी