रंग मागे ठेवलात, म्हणून आभार

पाळकसाहेब आणि चर्चमधल्या तरुण मंडळींना सप्रेम नमस्कार,

सांगलीत कृष्णाकाठच्या आमच्या गल्लीतली जुनी घरं या उन्हाळ्यात तुम्ही एक पैसा न घेता दुरुस्त केलीत. घरच्यांनी आभार मानलेच असतील. आम्ही गल्लीतले गवंडी, सुतार, वायरमन लिहितोय ते कामाच्या प्रतीबद्दल. सेवा म्हणून रंगाचा एक हात मारायचा, फोटो काढायचा आणि जायचं, ही रीत आमच्या ओळखीची आहे. पहिल्या पावसात पोपडे सुटतात.

तुम्ही आधी ओल कुठून येते ते शोधलंत. फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवलात. थेंब आतल्या बाजूला धरले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. अशा भिंतीवर रंग लावणं म्हणजे पैसे नदीत सोडणं. दगड-मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडलात हे तर फारच बरं केलंत. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आतून वर चढते, लोणा, म्हणजे भिंतीतला खार, गिलाव्यामागे साठतो आणि एक दिवस मातीसकट अख्खा थर खाली येतो. त्याजागी एकास तीन चुना-वाळूचा गिलावा केलात. तो सावकाश धरतो, रोज पाणी शिंपडावं लागतं, पण भिंतीला श्वास घेऊ देतो.

भेगांच्या बाबतीतही घाई केली नाहीत. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून मे महिन्यात दिसणारी भेग सर्वांत रुंद असते. ती तेव्हाच कडक सिमेंटने भरली, तर पावसाळ्यात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. तुम्ही पेन्सिलीने आडव्या खुणा करून बाजूला तारीख लिहिलीत. भेग वर्षभर वाढत राहिली, तर मामला पायाचा आहे आणि तिथे इंजिनिअरच बोलवावा.

पत्र्याचं काम मात्र दाद देण्याजोगं. स्क्रू पत्र्याच्या नाळीच्या उंचवट्यावर घेतलात. खळग्यात घेतला की सगळं पाणी त्याच भोकावरून वाहतं. रबरी वायसर जेमतेम दबेल इतकंच आवळलंत. ड्रिल मशीन हातात आलं की जोर येतो, रबर बाहेर फुगतं, उन्हात तडकतं आणि दोन पावसाळ्यांत गळती सुरू. वरच्या पत्र्याची खालच्यावर सहा इंच चढण, बाजूला दीड नाळ. पत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे लावत नेलेत, त्यामुळे आपला पश्चिमेचा वारा जोडाच्या तोंडात घुसत नाही. हे किती ठेकेदारांना ठाऊक असतं, ते आम्ही बोलत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकूनच चढलात, तो सुका कापला नाहीत, तोंडाला मास्क होते. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते.

वायरिंगला स्वतः हात न लावता परवानाधारक माणूस आणलात. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. म्हणून तळमजल्याची लाईन वेगळी काढलीत, तेवढीच बंद करता येते. वीज गळली की लाईन आपोआप तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवलीत. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला घरच्यांना आम्ही आठवण करू.

न्हाणीतला म्हाताऱ्यांनी धरायचा दांडा स्क्रूच्या साध्या गिट्टीवर मातीच्या भिंतीत टिकला नसता. आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी प्लेट, हेच बरोबर. उंची 33 ते 36 इंचांत ठेवलीत आणि एका धडधाकट माणसाने लोंबकळून पाहिलं, तेव्हा कुठे आजींना हात लावू दिलात.

तुमच्या पाळकांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दाखला दिला होता, की गरजवंताला नुसतं ‘सुखी राहा’ म्हणून काय उपयोग. मिरजेत 1894 साली मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हा भाग ही सेवा ओळखून आहे. कुणाच्या दारात जात-धर्म विचारला नाहीत, भिंतीवर नावाची पाटी लावली नाहीत. प्रार्थना केलीत ती घरच्यांनी म्हटलं तिथेच.

एकच सुचवणं आहे. पुढच्या वेळी पत्र्याचं काम वैशाखात उरकून टाका. मृगाच्या तोंडावर छप्पर उघडं ठेवणं बरं नव्हे. खरवडलेल्या भिंती दिवाळीनंतर पुन्हा प्लास्टिक लावून तपासू. कोरड्या निघाल्या तर चुन्याची सफेदी आम्ही मारू. मजुरी घेणार नाही. चुना तेवढा तुम्ही आणा.

आपले,
गल्लीतले गवंडी, सुतार आणि वायरमन
सांगली